हात लावला, की दुरून गोळी टाकली?

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत आपल्या वस्त्यांतली म्हातारी माणसं महापालिकेच्या जनरल वॉर्डात दाखल होतात. ऐकू कमी येतं, दिसत नाही, दम्याने बोलवत नाही. अशा आजीशी सिस्टर बोलते ती हाताने, नजरेने. कपाळावरचा हात 'घाबरू नका' म्हणतो. दुरून टाकलेली गोळीही काहीतरी म्हणतेच, आणि ती भाषा आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या कळते.

१९२९ साली काठेवाडात बाळंत झालेल्या अस्पृश्य बाईला डॉक्टरने हात लावला नाही. थर्मामीटर आधी एका मुसलमानाच्या हाती, मग नवऱ्याच्या, मग तिच्या! ती बाई गेली. बाबासाहेबांनी हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये नोंदवून ठेवलं आहे. उलट १८९७ च्या प्लेगात सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेतलं, आणि त्याच साथीत १० मार्चला प्राण दिला. आमच्यासाठी शुश्रूषेची व्याख्या ती आहे.

आज शहाणे लोक सांगतात, सिस्टरना हसायला शिकवा, कार्यशाळा घ्या. आम्ही विचारतो, हसायला वेळ कुठे आहे? भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिकाऊ रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतरत्र पाचांमागे एक. तुमच्या वॉर्डात मोजून पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले, त्यातले १२ पन्नाशीपुढचे. गर्दीने वाकलेल्या वॉर्डात कुणाचा हात कोण धरणार?

पण संख्येच्या आड जात लपवू देणार नाही. हात अपुरे पडतात तेव्हा शेवटी कुणाला लागतात? १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा अस्पृश्यतेपोटी दवाखान्यात प्रवेश नाकारणं गुन्हा ठरवतो. दाखल करून घेऊन हातच लावला नाही, तर ते कोणत्या वहीत लिहायचं?

म्हणून मित्रांनो, कंत्राटी सिस्टरवर ओरडून मोकळे होऊ नका. त्यातल्या कितीतरी आपल्याच लेकी-बहिणी आहेत. ओरडायचं तर पदं रिकामी ठेवणाऱ्यांवर ओरडा. माहिती अधिकारात विचारा: मंजूर पदं किती, कायम किती, कंत्राटी किती? आणि वस्तीतली आजी दाखल झाली, की तिच्या खाटेपाशी बसा. कोण हात लावतं, कोण टाळतं, तारीखवार लिहून ठेवा. बाबासाहेबांनी थर्मामीटरचा प्रवास लिहून ठेवला, म्हणून आज आपण पुरावा देऊ शकतो.

जय भीम!