माळ पडीक नव्हे

वाशीम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यातील सोहोळच्या परिसरात विस्तीर्ण माळरान आहे. उन्हाळ्यात ते पाहून वाटसरू म्हणतो, “किती ही पडीक जमीन!” त्याचे हे म्हणणे बरोबर नाही.

याच भागातील सुमारे १८ चौरस किलोमीटर क्षेत्र सन २००० मध्ये काळविटांचे अभयारण्य म्हणून घोषित झाले. काळविटाला दाट अरण्य मानवत नाही. लांडगा दुरूनच दिसावा आणि दिसताच वाऱ्याच्या वेगाने पळता यावे, यातच त्याचे रक्षण आहे. उघडा माळ हाच त्याचा किल्ला होय.

काळवीट गवत खातो, तरी गवत मरत नाही. कारण त्याची वाढ बुडापासून होते. वरचे पाते खुडले तरी खालून नवे येते, आणि लेंड्यांचे खत मिळते ते वेगळेच. कुसळी गवताचे बी जनावरांच्या केसांना चिकटून दूर जाते. जमिनीवर पडल्यावर ओल लागली की त्याच्या लांब कुसळाचा पीळ सुटतो, वाळले की पुन्हा बसतो. आणि या फिरण्याने बी मळसूत्राप्रमाणे मातीत शिरते. माळावरून चालताना ज्याच्या कपड्यांत कुसळे रुतली आहेत, त्याला त्यांचे सामर्थ्य सांगावयास नको!

पावसाळ्यात वऱ्हाडातील अशा माळांवर तणमोर हा अत्यंत दुर्मिळ पक्षी येतो. मादीच्या दृष्टीस पडावे म्हणून नर दिवसातून शेकडो वेळा गवतातून उंच उडी घेतो. मादी अंडी घालते तीही जमिनीवरच, गवताच्या आडोशाला.

असे असता, मोकळा माळ दिसला की तेथे खड्डे खणून रोपे लावण्याचा उत्साह पुष्कळांना येतो. झाडे अवश्य लावावीत. पण ती गावकुसाजवळ, बांधावर, रस्त्याच्या कडेला. माळावर दाट सावली पडली की गवत खुरटते, आणि गवताच्या आश्रयाने राहणारे जीव निराधार होतात.

शेतकऱ्याची तक्रार मात्र खरी आहे. काळविटांचे कळप सोयाबीन-हरभऱ्यात शिरतात आणि वर्षाच्या कष्टांची नासाडी होते. त्याला भरपाई मिळालीच पाहिजे, आणि तीही वेळेवर. परंतु त्या रागाने कोणी उरलेला माळ नांगरावयास निघाला, तर त्यावरचा कळप चरावयास जाणार कोठे? शेजारच्या शेतातच.