दारापुढचं गटार

घर बांधताना आपण ओटा, देवघर, न्हाणीघर सगळं चार-चारदा मोजून घेतो. पण फाटकाबाहेरच्या दीड हाताकडे मात्र कोणाचं लक्ष जात नाही. आमचंही गेलं नव्हतं. म्हणून आज स्वयंपाकघरातून जरा बाहेर येऊन, थेट रस्त्याच्या कडेशी उभं राहून तुमच्याशी बोलणार आहे.

आमच्या माणगावात आळीतला रस्ता काँक्रीटचा झाला आणि त्याच्या कडेनं पक्कं गटार बांधलं गेलं. चिखल संपला म्हणून सगळ्यांना आनंद झाला. पण रस्ता अंगणापेक्षा वीतभर उंच झाला आणि फाटक व रस्ता यांच्यामध्ये उघडं गटार आलं. ह्यांची स्कूटर बाहेरच उभी राहू लागली. एक फळी टाकून आम्ही दिवस काढले.

मग सासूबाईंचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया होऊन त्या घरी आल्या तेव्हा रुग्णवाहिका गटारापलीकडेच थांबली. चौघांनी खुर्चीसकट त्यांना उचलून फळीवरून आणलं. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. रात्री म्हणाल्या, "आता मला बाहेर नेऊ नका गं." ते शब्द माझ्या मनाला फार लागले.

पुढच्याच रविवारी गवंडी बोलावला. गटारात दोन बारीक पाईप टाकले, वर खडी-सिमेंट ओतलं, झालं काम! कोणाला विचारायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही. आपल्याच दारापुढचं तर गटार!

जून आला. आपल्या रायगडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहेच. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पहिल्याच मोठ्या सरीत पाला आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या पाईपात अडकल्या. तुंबलेलं पाणी शेजारच्या काकूंच्या पडवीत शिरलं. तांदळाचं पोतं भिजलं. काकू रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, विचारलं असतंस तर सांगितलं असतं. वरच्या आळीचं सगळं पाणी इथूनच जातं."

त्या संध्याकाळी आम्ही स्वतःच ते सगळं फोडून काढलं. आणि मग रीतीप्रमाणे परवानगी घेतली. तेव्हा जे शिकले ते सांगते.

पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की रस्ता कोणाचा? शहरातला आतला रस्ता सहसा नगरपंचायतीचा किंवा नगरपरिषदेचा असतो, खेड्यातला ग्रामपंचायतीचा किंवा जिल्हा परिषदेचा, तर काही मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे. आमच्या गावातून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग, पूर्वीचा १७ नंबरचा आणि आताचा ६६ नंबरचा, हे प्रकरणच वेगळं. राष्ट्रीय महामार्गावर दार काढायला २००२ च्या कायद्याप्रमाणे महामार्गाच्या प्रशासनाची परवानगी लागते; तिथे नगरपंचायतीचा कागद पुरत नाही. चुकीच्या कार्यालयात अर्ज दिला की महिने फुकट जातात.

अर्ज नगरपंचायतीत मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करावा. सोबत घरपट्टीची पावती, जागेचा उतारा आणि हातानं काढलेला साधा नकाशा जोडावा. फाटकाची रुंदी, गटाराची रुंदी व खोली, जवळचा विजेचा खांब, नळाची वाहिनी हे सगळं त्यात दाखवावं. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, तेव्हा आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. शेजाऱ्यांची संमती मागितली नसली, तरी ती लेखी जोडावी. आमच्या अर्जावर काकूंनी सही केली, तेव्हा मला पुन्हा एकदा ओशाळल्यासारखं झालं.

अर्जाच्या दोन प्रती करा. आपल्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शुल्क असेल ते भरा, पण पावती घेऊनच. तोंडी "करा हो, काही होत नाही" यावर गवंडी बोलावू नका. उद्या गटार रुंद करायचं ठरलं, तर तोंडी शब्द कोण दाखवणार?

आता काम कसं असावं ते. गटाराची पाणी वाहण्याची जागा तसूभरही कमी होता कामा नये. पाईप टाकायचा तर त्याचं माप अभियंत्याकडून घ्यावं, गवंड्याच्या अंदाजानं नको. वरचं झाकण फाटकाच्या रुंदीपुरतंच ठेवावं आणि ते उचलता येईल असं सुट्या तुकड्यांचं किंवा लोखंडी जाळीचं असावं, म्हणजे गाळ काढता येतो. उतार आपल्या हद्दीत करावा, रस्त्यावर पुढे काढू नये. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं प्रमाण एकास बारा धरतात. म्हणजे सहा इंचांचा फरक असेल तर सहा फूट लांब उतार हवा. रस्ता उंच असेल तर फाटकाच्या आत जाळीची आडवी चर ठेवा, नाहीतर रस्त्याचं पाणी थेट ओटीवर येतं.

कोणाला वाटेल, एवढ्याशा गोष्टीला इतका खटाटोप? इंग्लंडात फुटपाथाची कड उतरवून गाडी आत घ्यायची, तरी स्थानिक कौन्सिलची परवानगी लागते. १९८० च्या रस्ते-कायद्यात तशी तरतूद आहे. मुद्दा कागदाचा नाही. दार आपलं असलं तरी कड सगळ्यांची असते, आणि पाणी तर कोणाचंच ऐकत नाही.

आम्हाला परवानगी मिळाली, काम झालं. आता दर मे महिन्यात मी आणि काकूंची सून मिळून जाळी उचलतो आणि गाळ काढून घेतो. संध्याकाळी सासूबाईंची खुर्ची जाळीवरून खडखडत जाते, ती थेट काकूंच्या ओट्यापाशी. त्या आता डोळे मिटत नाहीत.

तेव्हा मैत्रिणींनो, उद्या सकाळी दूध घ्यायला बाहेर पडाल, तेव्हा टेप घेऊनच जा. गटार मोजा, आणि पाऊस यायच्या चार महिने आधी अर्ज द्या. पण त्याआधी शेजारच्या काकूंना विचारा हं!