नुसती सुपारी

वाढवणच्या किनाऱ्यावर बंदराविरुद्ध भरलेल्या एका सभेस काही काळापूर्वी मी श्रोता म्हणून गेलो होतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये शहात्तर हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या या बंदरास मान्यता दिली आणि ३० ऑगस्टला पालघर येथे पायाभरणीही उरकली. सभेत मासळीविषयी, वाडीविषयी पोटतिडकीने भाषणे झाली. ती चालू असता सुपारीचे तबक हातोहात फिरत होते. शेजारच्या विशी-बाविशीच्या तरुणाने एक खांड तोंडात टाकले तेव्हा माझ्या लक्षात आले की, त्याचे तोंड जेमतेम दोन बोटे उघडते. पुढे जेवताना त्याने चटणी बाजूला सारली. तिखट झोंबते म्हणाला. तंबाखू खातोस काय, असे विचारता तो काहीशा अभिमानानेच उत्तरला, "नाही सर, नुसती सुपारी."

हा 'नुसती' शब्दच आज मला महत्त्वाचा वाटतो. तंबाखूने कर्करोग होतो हे आता खेड्यापाड्यांतही ठाऊक आहे. परंतु सुपारी निरुपद्रवी, किंबहुना पाचक, ही समजूत सुशिक्षितांतही दृढ आहे. तिला एके काळी शास्त्राचाही आधार होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ साली तंबाखूयुक्त विडा कर्करोगकारक ठरविला, पण तंबाखूविरहित विड्याविषयी पुरेसा पुरावा नसल्याचे म्हटले. २००३ साली मात्र त्याच संस्थेच्या तज्ज्ञांनी सुपारी स्वतःच मानवात कर्करोग उत्पन्न करते, असा निर्वाळा दिला. सुपारीतील अल्कलॉइडांमुळे तोंडाच्या अस्तराखाली तंतूंचे जाळे साठत जाते, गाल ताठर होतात, जळजळ सुरू होते आणि तोंड आखडते. सुपारी सोडली तर रोगाची वाढ मंदावते, परंतु आखडलेले तोंड सहसा पूर्ववत होत नाही. अशा तोंडात पुढे कर्करोग होण्याचा धोका कितीतरी वाढतो.

हे व्यसन जडते कोणास आणि का, याचा विचार नीतिपाठाने होणार नाही. तलासरी-डहाणूचा आदिवासी पहाटे उपाशीपोटी वापी-उंबरगावच्या कारखान्यांकडे निघतो, पावसाळा सरताच कुटुंबासह वीटभट्टीवर जातो. भूक मारणारी आणि पाळी संपेपर्यंत डोळे उघडे ठेवणारी सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे ही पुडी. जे मालकाने वेतनातून द्यावयास हवे होते, ते मजूर स्वतःच्या गालातून वसूल करतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू खातात. नुसती सुपारी चघळणारे या आकड्यात धरलेलेच नाहीत. आणि बंदराच्या कामावर हजारोंच्या संख्येने मजूर आले, तर त्यांच्या वस्तीत दवाखान्याआधी टपरी उभी राहील, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

महाराष्ट्र शासनाने जुलै २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी घातली. पुढे सुगंधित सुपारीही तीत आली. बंदीला माझा विरोध नाही. पण तिचा भार कोणावर पडतो ते पाहावे. शेजारच्या गुजरातेत बंदी आहे ती तंबाखू मिसळलेल्या गुटख्यावर; तंबाखूविरहित पानमसाला तेथे कायदेशीर आहे. तलासरीच्या सीमेवरून महामार्ग जातो. मग बंदी टिकावी कशी? पकडली जाते ती टपरीवाली बाई किंवा टेम्पोचा चालक. कारखानदार मात्र वेलचीच्या नावाने त्याच छापाची जाहिरात नामांकित नटांकडून करवून घेतो. डिसेंबर २०२५ मध्ये तर संसदेने पानमसाला बनविणाऱ्या यंत्रांवर उपकर बसविणारा कायदा केला आणि त्यास आरोग्य व राष्ट्रीय सुरक्षेचे नाव दिले. मुंबईत जो गुन्हा, तोच दिल्लीत महसूल! अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालवूनही हा ताळेबंद मला जुळविता येत नाही.

तथापि आपल्या हाती काहीच नाही असे नाही. डहाणू व तलासरी हे अनुसूचित क्षेत्र आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रात मादक पदार्थांची विक्री व सेवन रोखण्याचा वा नियंत्रित करण्याचा अधिकार ग्रामसभेस देण्याची तरतूद केली. त्याचा अर्थ दारूपुरताच घेण्याचे कारण नाही. गडचिरोलीत २०१६ पासून चाललेल्या 'मुक्तिपथ' उपक्रमात गावोगावच्या सभांनी दारूबरोबर तंबाखूविक्रीविरुद्धही ठराव केले. १९४५ साली झरीच्या सभेत वेठ नाकारणाऱ्यांच्या नातवंडांना एकत्र ठराव कसा करावा हे शिकविण्याची आवश्यकता नसावी.

दुसरे काम तपासणीचे. उपकेंद्रांत तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांचे तोंड तपासण्याची योजना आहे. त्यासाठी विजेरी आणि शिकविलेली नजर पुरते. १९९६ मध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात सुरू झालेल्या प्रयोगात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी अशी तपासणी केली, तेव्हा तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांतील मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले. परंतु माझ्या शेजारचा तो तरुण या योजनेत बसतच नाही! वयाची अट उतरवून आश्रमशाळा, वीटभट्ट्या व कारखान्यांच्या दारापर्यंत तपासणी नेण्याची मागणी आपण केली पाहिजे. परळच्या टाटा रुग्णालयात जाण्यासाठी मजुराला रोजगार बुडवावा लागतो आणि सोबत येणाऱ्याचाही बुडतो. म्हणून तो फार उशिरा जातो.

राहिले आपले तबक. सुपारी फुटल्यावाचून आपल्याकडे लग्न ठरत नाही, तिच्यावाचून गणपती मांडला जात नाही. पूजेतील सुपारीस माझा आक्षेप नाही. माझ्याही खिशात वीस वर्षे अडकित्ता होता आणि अभ्यासवर्गांत मी तो मोठ्या रुबाबाने फिरवीत असे. त्या वर्गांतील किती मुलांनी माझे पाहून पहिले खांड तोंडात टाकले असेल, याचा हिशेब आता लागणे शक्य नाही. त्या तरुणाला मी डहाणूस तपासणीसाठी घेऊन जाणार आहे. तारीख ठरली आहे. बुडणाऱ्या दिवसाच्या मजुरीचे काय करावयाचे, एवढेच अद्याप ठरावयाचे आहे.