गंज नेमका कुठे चढला?

‘विक्रांत’ गंजामुळे भंगारात गेली, असं सांगतात. मला ते पटत नाही. 1997 मध्ये निवृत्त झालेली ही विमानवाहू नौका 2001 पासून मुंबईत संग्रहालय होती, 2012 मध्ये धोकादायक ठरून बंद झाली आणि 2014 मध्ये विकली गेली. पाण्यातलं पोलाद गंजतं, खर्च भरमसाट, हा आक्षेप खराच. पण 1943 ची अमेरिकी विमानवाहू नौका ‘इंट्रेपिड’ न्यूयॉर्कमध्ये 1982 पासून लोकांना विमानं दाखवते आहे, आणि विशाखापट्टणमने ‘कुरसुरा’ पाणबुडी सरळ किनाऱ्यावर ओढून घेतली. आपल्याकडे ‘विक्रांत’ कायमची चालवणारा भागीदार राज्याला मिळालाच नाही. ‘विराट’ या दुसऱ्या विमानवाहू नौकेचं घोडं राज्य मंत्रिमंडळाच्या मंजुरीपुढे सरकलं नाही आणि 2020 मध्ये तीही भंगारात, अलंगच्या जहाजतोडणी केंद्रात गेली. (‘विक्रांत’च्या पोलादाची मोटारसायकल मात्र झटपट निघाली!) पुढची नौका मागण्याआधी सरकारने देखभालीचा निधी वेगळा काढावा, जमत नसेल तर मागूच नये.