स्टोरेजचा वेग मोजायचा कोणी?

कोल्हापूर जिल्ह्यातील दूध संस्थेत उत्पादकाच्या शब्दावर भाव मिळत नाही. म्हैस कितीही नामांकित असो, दुधाचा नमुना घेऊन फॅट आणि एसएनएफ मोजले जाते व त्यावरच दर ठरतो. मार्केट यार्डातील व्यापारीही गुळाचा रवा डोळ्यांखालून घातल्याविना बोली लावत नाही. मोजून घेण्याची सवय ज्या जिल्ह्याच्या सहकारात इतकी मुरलेली आहे, तेथील संस्था संगणकीय माहितीचे भांडार, म्हणजे रूढ भाषेत ‘स्टोरेज’, खरेदी करताना मात्र विक्रेत्याच्या माहितीपत्रकावरील आकडा बहुधा मुकाट्याने प्रमाण मानतात. हा विषय संगणक विभागाचा आहे, असे म्हणून संचालक मंडळाने तो टाळावा, अशी परिस्थिती आता राहिलेली नाही.

रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना कोअर बँकिंग अमलात आणण्यासाठी २०१३ च्या अखेरची मुदत दिली होती. तोपर्यंत अनेक बँकांत प्रत्येक शाखेचा हिशेब शाखेतच राहत असे. एका शाखेचा संगणक बंद पडला तर खोळंबा तेवढ्यापुरता होई. आता सर्व शाखांची सर्व खाती एका कपाटाएवढ्या यंत्रात एकवटली आहेत. साखर कारखान्यांनी ऊस आल्यापासून १४ दिवसांत बिल द्यावे, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, ‘गोकुळ’ची दुधाची बिले दर दहा दिवसांनी निघतात, पगार आणि निवृत्तिवेतन महिन्याच्या ठरलेल्या तारखांना जमा होते. म्हणजे कामाचा ओघ महिनाभर सारखा नसतो, तो काही तासांतच उसळतो. त्या तासांत शाखेतील पडदा गोठला की ‘सर्व्हर डाउन आहे’ असे उत्तर मिळते. पुष्कळदा सर्व्हर बिचारा धडधाकट असतो. तो मागच्या स्टोरेजकडून उत्तर येण्याची वाट पाहत असतो.

विक्रेते ज्या आकड्यावर सौदा करतात त्याला ‘आयओपीएस’ म्हणतात. एका सेकंदात माहिती किती वेळा वाचता किंवा लिहिता येते, त्याची ही मोजणी. जुन्या फिरत्या चकत्यांच्या काळात हा आकडा कोणालाही कागदावर पडताळता येत असे. मिनिटाला १५ हजार फेरे घेणारी चकती एका फेऱ्याला ४ मिलिसेकंद घेते. हवी ती जागा वाचनशीर्षाखाली येण्यास सरासरी २ मिलिसेकंद, शीर्ष सरकण्यास आणखी साडेतीन मिलिसेकंद धरले, तर सेकंदाला १८० च्या आसपास कामे होतात. अशा १०० चकत्यांची १८ हजार. पण एक चकती बिघडली तरी माहिती वाचावी म्हणून ‘रेड-५’ रचना केली की प्रत्येक लहान लेखनासाठी दोन वाचने आणि दोन लेखने, अशी चार कामे पडतात. बँकेच्या व्यवहारात ७० टक्के वाचन व ३० टक्के लेखन गृहीत धरले, तर १८ हजारांचे साडेनऊ हजारच उरतात. माहितीपत्रकावर मात्र छापला जातो तो केवळ वाचनाचा, लहानात लहान तुकड्यांचा आणि शक्य तर कॅशमधूनच परत येणाऱ्या माहितीचा आकडा. तो खोटा नसतो. तो तुमच्या कामाचा नसतो, एवढेच.

चकत्यांची जागा एसएसडीने घेतली आणि हजारांचे आकडे लाखांवर गेले. तपासणी सैल झाली ती तेव्हापासून. एवढा प्रचंड आकडा पाहिल्यावर प्रश्न विचारायचे तरी कशाला, अशी भावना होते. वास्तविक कोरी, रिकामी एसएसडी आणि वर्षभर वापरून जवळजवळ भरलेली एसएसडी यांच्या लेखनाच्या वेगात मोठी तफावत पडते, कारण नवे लिहिण्यापूर्वी तिला आतल्या आत जुनी जागा मोकळी करावी लागते. क्षमतेचेही तसेच. ‘डिडुप्लिकेशन आणि कॉम्प्रेशनमुळे चौपट माहिती बसेल’ असे विक्रेता सांगतो. पण केवायसीची स्कॅन केलेली कागदपत्रे, धनादेशांच्या प्रतिमा आणि कूटबद्ध माहिती दाबली तरी फारशी आकसत नाही, आणि बँकेकडे वाढत असते ती नेमकी हीच.

या आकड्यांवरून जगातल्या बड्या कंपन्यांतही जुंपलेली आहे. २००८ च्या प्रारंभी नेटअॅप या कंपनीने स्टोरेज परफॉर्मन्स कौन्सिलच्या ‘एसपीसी-१’ चाचणीवर स्वतःच्या यंत्राबरोबर प्रतिस्पर्धी ईएमसीचे यंत्रही परस्पर तपासून निकाल जाहीर केला. ईएमसी त्या वेळी या कौन्सिलपासून दूर होती. निकाल आला तो नेटअॅप सुमारे ३१ हजार, ईएमसी सुमारे २५ हजार. इथपर्यंत फरक फारसा नव्हता. परंतु माहितीची क्षणचित्रे ठेवण्याची ‘स्नॅपशॉट’ सोय चालू करताच ईएमसीचा आकडा ९ हजारांवर उतरल्याचे दाखवण्यात आले. प्रतिस्पर्ध्याने आपल्या हाताने केलेल्या चाचणीवर ईएमसीच्या गोटातून आक्षेप आले, आणि ते अगदीच गैरवाजवी नव्हते. २०१६ मध्ये ईएमसी डेलच्या ताब्यात गेली आणि ते भांडण इतिहासजमा झाले. मात्र त्यातून निघालेला प्रश्न प्रत्येक ग्राहकाने विचारण्याजोगा आहे. जी सोय तुम्ही रोज वापरणार आहात, ती चालू ठेवून यंत्र किती धावते?

बँकेच्या दृष्टीने तर सर्वोच्च वेगापेक्षा उत्तर मिळण्यास लागणारा वेळ, म्हणजे ‘लेटन्सी’, अधिक मोलाची. रांगेचे गणित येथे निर्दय आहे. साध्या हिशेबाने, खिडकी निम्म्या क्षमतेने चालत असेल तर रांगेसह लागणारा वेळ मूळ कामाच्या दुप्पट असतो. ती ९० टक्के व्यापली की तोच दहापट होतो. महिन्याची सरासरी उत्तम दाखवणारे यंत्र १० तारखेला दुपारी बारा वाजता गुडघे टेकते ते यामुळे. म्हणून सरासरी पाहू नये, सर्वांत वाईट तास पाहावा.

त्याहून वाईट तास असतो तो बिघाडाचा. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले आणि दुपारी ३.४५ ला पुन्हा सुरू झाले. प्रारंभी दोष दूरसंचार जोडण्यांना दिला गेला, त्या तुटण्यामागे रस्त्यावरचे खोदकाम होते. (कोल्हापूरकरांना हे कारण समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.) पण जोडण्या तुटल्यावर जे सावरायला हवे होते ते स्टोरेजच सावरले नाही, आणि जोखीम व्यवस्थापनाची यंत्रणा अनुपलब्ध झाली. विक्रेत्याने बसवलेली पर्यायी मार्गावर जाण्याची रचना आपण मागितलेल्या आराखड्याप्रमाणे नव्हती, असे बाजाराने नंतर जाहीर केले. देशातील सर्वांत मोठ्या शेअर बाजाराजवळ पैसा होता, तज्ज्ञ होते, दूरस्थ केंद्रही होते. विक्रेत्याने जे सांगितले आणि जे बसवले, त्यांतील अंतर तरीही प्रत्यक्ष आपत्तीतच उघडे पडले.

कोल्हापूरला आपत्ती नवी नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे; २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले, पुणे-बंगळुरू महामार्ग बंद पडला. मुख्य केंद्र आणि पर्यायी केंद्र दोन्ही याच खोऱ्यात ठेवणे म्हणजे दोन्ही चाव्या एकाच खिशात ठेवणे होय. पर्यायी केंद्र पुण्याला नेले तर पदार्थविज्ञान आडवे येते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. कोल्हापूर-पुणे साधारण २३० किलोमीटर. जाऊन-येऊन किमान २.३ मिलिसेकंद. प्रत्येक नोंद दोन्हीकडे उमटल्याशिवाय व्यवहार पूर्ण मानायचा नाही, असे ठरवले, तर एका मिलिसेकंदाच्या आत लिहिणाऱ्या महागड्या एसएसडीलाही प्रत्येक वेळी तेवढे थांबावेच लागते. वाट न पाहता मागाहून प्रत पाठवली तर वेग टिकतो, पण पुराच्या रात्री शेवटच्या काही सेकंदांचे किंवा मिनिटांचे व्यवहार हरवू शकतात. किती हरवलेले चालतील, हा तांत्रिक प्रश्न नव्हे. तो संचालक मंडळाने ठरावाने ठरवायचा प्रश्न आहे आणि तो त्यांच्यापुढे क्वचितच त्या स्वरूपात येतो.

लहान बँकांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे सगळेच भाड्याने घेणे. खर्चाच्या दृष्टीने तो रास्त आहे. परंतु जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवापुरवठादारावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, तेव्हा नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने खबरदारी म्हणून त्याची जोडणी तोडली आणि सुमारे ३०० लहान बँकांचे देयक व्यवहार एकदम थबकले. तो हल्ला होता, स्टोरेजचा दोष नव्हे. तथापि भाडेकरूला घराची वायरिंग ठाऊक नसते, हे त्यातून दिसले. भाड्याच्या करारात ‘सेवा ९९.९ टक्के काळ उपलब्ध राहील’ असे वाक्य असते. दर महिन्याला सुमारे ४३ मिनिटांची सूट, असा त्याचा अर्थ. ती मिनिटे ऊसबिलाच्या दिवशी वापरली जाणार नाहीत, अशी हमी त्यात नसते आणि संथ चाललेली सेवा ‘उपलब्ध’ धरायची की नाही, याचाही उल्लेख बहुधा नसतो.

नागरी बँकांची शिखर संस्था, एनयूसीएफडीसी, मार्च २०२४ मध्ये कार्यान्वित झाली. तंत्रज्ञानाची मदत हा तिच्या उद्दिष्टांचा भाग आहे. एकट्यादुकट्या बँकेला विक्रेता चाचणीसाठी यंत्र आणून देईलच असे नाही. वीस बँका एकत्र आल्या तर तो नकार देणार नाही. सहकारी साखर कारखाने आणि दूध संघ ज्या तत्त्वावर उभे राहिले ते हेच. स्पर्धक बँकांनी आपापले व्यवहाराचे आकडे एकमेकांना दाखवायचे कसे, हा संकोच खरा आहे. परंतु ग्राहकांची नावे काढून, केवळ कामाचा नमुना देऊन चाचणी घेता येते.

निविदेत मागायचे फार नाही. आपल्याच ३१ मार्चच्या भाराचा नमुना, यंत्र ८० टक्के भरलेले, स्नॅपशॉट आणि कूटबद्धता चालू, मध्येच एक ड्राइव्ह उपसून काढलेला. अशा स्थितीत शंभरांपैकी ९९ कामांना किती मिलिसेकंद लागतात, तो आकडा आणि तो न गाठल्यास दंड. चौथ्या-पाचव्या वर्षाच्या एएमसीचा दर खरेदीच्याच दिवशी लेखी घ्यावा, कारण पहिली किंमत पाडून देणारा विक्रेता आपली कसर तेथेच भरून काढतो. या अटी वाचून जे विक्रेते निविदा भरण्याचे टाळतील, त्यांची नावेही पुढच्या सभेच्या टिपणात नोंदवून ठेवायला हरकत नाही.