मटण एकदम दोन किलो, की आठवड्याला पावभर?

बोकडाच्या मटणाचा भाव किलोला सातशे-आठशेच्या घरात गेल्यापासून वाशिम जिल्ह्यातल्या मांसाहारी घरांनी आपापला तोडगा काढला आहे. काही घरांत रविवारचे मटण महिन्यावर गेले. कुठे चार-पाच घरे मिळून अख्खा बोकड घेतात आणि वाटे पाडतात. ज्यांच्याकडे फ्रीज आहे ते थोडे स्वस्त मिळाले की दोन-तीन किलो एकदम आणून बर्फाच्या कप्प्यात कोंबतात. ज्यांना परवडत नाही ते 'मोठ्याचे' घेतात, तेही आता एकदमच. पैसे वाचवण्याची ही धडपड समजण्यासारखी आहे. पण पैशाचा हिशेब जुळला म्हणून रक्ताचा हिशेब जुळतोच असे नाही, आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

'मोठ्याचे' किंवा बीफ हे शब्द आपल्याकडे सैलपणे वापरले जातात, म्हणून तेवढे आधी स्पष्ट केलेले बरे. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी आली. विधिमंडळाने १९९५ मध्ये मंजूर केलेल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती २०१५ मध्ये मिळाली आणि बैल व वळूही बंदीत आले. म्हैस-रेड्याचे मांस मात्र, जनावर कापण्यास योग्य असल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला असेल तर, कायदेशीर आहे. म्हणजे आज 'मोठ्याचे' म्हणून जे उघडपणे विकता येते ते हेच. कायद्याच्या बाजूने वा विरोधात बोलण्याची ही जागा नव्हे. परंतु गरिबाच्या ताटातल्या स्वस्त मांसाचा एक मोठा पुरवठा त्या वर्षी आटला, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हशीचे मांस बोकडाच्या निम्म्याहून कमी भावात मिळते, चरबीही बेताची असते, शंभर ग्रॅममध्ये वीसेक ग्रॅम प्रथिने असतात. पोषणात ते बोकडाच्या मटणापेक्षा कमी नाही. 'महाग ते पौष्टिक' हा समज निदान इथे तरी खोटा आहे.

आता रक्ताचा हिशेब. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालील मुलांत हे प्रमाण ६९ टक्क्यांच्या आसपास होते. देशपातळीवर स्त्रियांत ५७ टक्के आणि पुरुषांत २५ टक्के असा फरक दिसतो. या फरकाला मासिक पाळी आणि बाळंतपण ही मोठी कारणे आहेत, पण ताटही एक कारण आहे. मटण कमी झाले की कोणाच्या वाटीतून कमी होते, ते प्रत्येक घराला ठाऊक असते. पाहुणे, मग घरचे पुरुष, मग मुले, आणि शेवटी वाढणारीच्या वाट्याला रस्सा. रश्श्यात चव उतरते, थोडी चरबी उतरते. लोह आणि प्रथिने बहुतांशी फोडीतच राहतात. 'रस्सा प्यायला ना, मग झाले' या वाक्याला शरीरशास्त्राचा आधार नाही.

मांसातल्या लोहाचे वैशिष्ट्य हे की त्यातला मोठा भाग शरीर सहज घेते. हिमोग्लोबीनशी बांधलेल्या स्वरूपातल्या या लोहापैकी साधारण १५ ते ३५ टक्के शोषले जाते. डाळी, पालेभाज्या, बाजरीतले लोह बरेचदा दहा टक्क्यांच्याही खाली राहते. पण मांसाचा दुसरा गुण जास्त महत्त्वाचा आहे. त्याच जेवणातल्या डाळीचे आणि भाकरीचे लोहही ते शरीराला अधिक मिळवून देते. हा फायदा त्या जेवणापुरताच असतो. रविवारच्या मटणाने बुधवारच्या पालकाला मदत होत नाही. प्रथिनांचेही तसेच: एका दिवशी अर्धा किलो मटण खाल्ले म्हणून शरीर ते पुढच्या तीन आठवड्यांसाठी बाजूला ठेवत नाही. बी-१२ जीवनसत्त्व मात्र यकृतात साठते, तेवढा अपवाद.

म्हणून महिन्यातून एकदा दोन किलोची पंगत करण्यापेक्षा तेच दोन किलो आठवड्यातून दोनदा पावपाव किलोने डाळीत, भाजीत घालून खाल्लेले केव्हाही चांगले. यात नवे काही नाही. मुस्लिम घरांतला डालचा हा त्याचा उत्तम नमुना आहे: तुरीची किंवा हरभऱ्याची डाळ, दुधी, चिंच आणि थोडे मांस. मांस मोजकेच, पण डाळीला त्याचा आधार आणि चिंचेच्या आंबटपणाचीही मदत. वर लिंबू पिळावे. जेवणाला लागून चहा घेऊ नये, तासभर थांबावे. चहातली टॅनिन द्रव्ये डाळ-भाकरीतले लोह अडवतात, आणि वऱ्हाडात जेवण झाले की चहाचे आधण ठेवायची सवय काही कमी नाही.

वाटे पाडून घेण्याची पद्धत मात्र टिकवावी अशी आहे. आखाडात किंवा पोळ्याच्या करीला गावोगाव ती दिसते. अख्खे जनावर घेतले की नुसत्या फोडी नव्हे, तर कलेजी, गुर्दा, वजडी, मुंडी हेही वाट्याला येते, आणि पोषणाच्या दृष्टीने खरा माल तिथेच आहे. कलेजीत लोह आणि बी-१२ दोन्ही फोडीपेक्षा कितीतरी जास्त. कोंबडीची कलेजी तर बाजारात अजूनही स्वस्त आहे. फक्त गरोदर स्त्रियांनी, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, कलेजी टाळावी. तिच्यातले अ जीवनसत्त्व त्या काळात गर्भाला अति होऊ शकते. पायाच्या सूपबद्दल मात्र भाबडेपणा नको. हाडे उकळल्याने कॅल्शियम फारसे उतरत नाही. मोडलेले हाड पायाच्या सूपाने लवकर जुळते, हे कितीही वेळा सांगितले गेले तरी खरे होत नाही.

एकदम आणलेले मांस ठेवायचे कसे, इथे खरी गफलत होते. उन्हाळ्यात वाशिममध्ये पारा चाळीसच्या पुढे जातो. बत्तीस अंशांच्या वर कच्चे किंवा शिजवलेले मांस तासाभरापेक्षा जास्त उघड्यावर ठेवू नये. सकाळी कापलेल्या बोकडाचा वाटा गप्पा आटोपून दुपारी घरी पोचतो तेव्हा ती मर्यादा कधीच ओलांडलेली असते. एका दाराच्या साध्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा म्हणजे खरा डीप फ्रीजर नव्हे. उणे अठरा अंशांची थंडी तिथे भरवशाने मिळत नाही, आणि वीज गेली की दारावरच्या रबराची परीक्षा सुरू होते. तीन किलोचा एकच गोळा त्यात कोंबला तर तो बाहेरून गोठतो आणि आतून बराच वेळ कोमट राहतो. मधल्या वेळात जंतू वाढतात. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, थांबतात एवढेच. मांस वितळले की ते पुन्हा कामाला लागतात.

म्हणून आणल्याबरोबर पावपाव किलोच्या चपट्या पिशव्या कराव्यात, वर तारीख लिहावी आणि कप्प्यात एकमेकींना न चिकटतील अशा ठेवाव्यात. साध्या फ्रीजमधले मांस दोन-तीन आठवड्यांत संपवावे. खिम्याचे तर आणखी लवकर, कारण तो जितका बारीक तितका जंतूंना वाव जास्त. लागेल ती पिशवी आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवावी, ओट्यावर नव्हे. एकदा वितळलेले कच्चे पुन्हा गोठवू नये. वीज किती वेळ गेली होती हे गावाहून परतल्यावर कळायला एक सोपी युक्ती आहे: वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर रुपयाचे नाणे ठेवावे. नाणे बर्फात खाली गेलेले दिसले तर मधे सारे वितळले होते, ते मांस फेकावे. जीव कासावीस होतो, पण फेकावे.

शिजवलेल्या मटणाचा धोका आणखी वेगळा आहे. लग्नाचे किंवा नवसाचे मोठे पातेले रात्रभर तसेच झाकून ठेवतात, सकाळी गरम करून वाढतात आणि दुपारपर्यंत निम्मे पाहुणे पोट धरून बसतात. काही जंतूंची बीजे उकळीतही तगतात आणि हळूहळू निवणाऱ्या पातेल्यात भराभर वाढतात. काहींचे विष तर पुन्हा उकळल्यानेही नष्ट होत नाही. उरलेले मटण उथळ भांड्यांत काढून लवकर गार करावे आणि फ्रीजमध्ये ठेवावे, नाहीतर त्याच रात्री संपवावे. बकरी ईदला घरात एकदम बरेच मांस येते, तेव्हाही हेच लागू. आपला, नातलगांचा आणि गरजूंचा असे तीन हिस्से करण्याची रीत लवकर पार पडली तर साठवणुकीचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

फ्रीज नव्हता तेव्हा लोक काय करत? मराठवाडा-विदर्भातल्या दलित वस्त्यांमध्ये मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ लावून दोरीवर कडक उन्हात वाळवत. त्यांना चान्या म्हणतात. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात या खाद्यसंस्कृतीची नोंद आली आहे. या साठवणीमागे शास्त्र आहे: पाणी काढून घेतले की जंतूंना वाढता येत नाही. या अन्नामागे अपमानाचा इतिहासही आहे. मेलेले ढोर ओढण्याच्या सक्तीतून मृत मांस ताटात आले होते, आणि १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. आंबेडकरांनी ते सोडण्याचे आवाहन केले. ताज्या, तपासलेल्या मांसाच्या चान्या ही वेगळी गोष्ट. त्या भर उन्हाळ्यातच कराव्यात, जाळीखाली, माशी बसू न देता. पावसाळी हवेत केल्या तर बुरशी धरते. खाताना भिजवून मीठ काढावे आणि नीट शिजवावे. रक्तदाबाच्या रुग्णांनी त्यांच्यापासून लांबच राहावे.

इथे एक इशारा द्यायला हवा. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आहेत, आणि फिकटपणा दिसला की तो लोहाचाच असे नसते. मटण वाढवून किंवा औषधाच्या दुकानातून लोहाच्या गोळ्या आणून महिनोन्महिने काढण्यापेक्षा रक्ताची तपासणी आधी करावी. सरकारी रुग्णालयात ती होते.

ज्यांना पावभरही परवडत नाही त्यांचे काय? निती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत २०१८ पासून वाशिम आहे आणि त्या कार्यक्रमात आरोग्य-पोषणाला ३० टक्के वजन आहे. याच जिल्ह्याच्या शेतांत सोयाबीन पिकते, ज्यात शंभर ग्रॅमला छत्तीस ते चाळीस ग्रॅम प्रथिने असतात. ते पोत्यांनी बाजार समितीत जाते, त्याची पेंड कोंबड्यांना घातली जाते आणि तीच प्रथिने कोंबडीच्या रूपाने महाग होऊन परततात. दळणात दहा किलो गव्हाला किलोभर सोयाबीन, आधी भिजवून, उकळून, वाळवलेले, एवढे घातले तरी पोळीत फरक पडतो. कच्चे दळू नये, ते पचनात अडथळा आणते. बी-१२ मात्र सोयाबीनमध्ये नाही. ते दूध, दही, अंड्यातूनच घ्यावे लागेल.

आणि अंड्याचा विषय निघाला म्हणून. राज्यातल्या शाळांमध्ये २०२३ च्या अखेरीस मुलांना आठवड्यातून एक अंडे, न खाणाऱ्यांना केळे, देणे सुरू झाले. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्यासाठीचा निधी थांबवला आणि लोकसहभागातून जमवा असे शाळांना कळवले. मानोरा-मालेगावच्या ज्या पालकांना मटणाचा पाव किलो जड जातो, त्यांनीच शाळेत अंड्यांसाठी वर्गणी द्यावी, असा त्याचा अर्थ होतो. आठवड्याला एका मुलामागे सात-आठ रुपयांचा हा खर्च आहे. तो निधी पुन्हा सुरू व्हावा, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावातून आणि शाळा व्यवस्थापन समित्यांच्या पत्रांतून जिल्हा परिषदेकडे जायला हवी.