दहावीनंतरचे विषय : कोणतें दार उघडें ठेवावें?

दहावीचा निकाल लागून पेढे वाटून झाले, गुणपत्रिका देवापुढें ठेवून झाली, कीं आपल्या घरांतून एक निराळीच सभा भरूं लागते. आजोबा आरामखुर्चींत, काका वर्तमानपत्र बाजूस सारून, आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यांत. आणि ज्याच्यासाठीं ही सभा, तें मूल मात्र बहुधा कोपऱ्यांत मुकाट उभें. एकजण म्हणतो, “सायन्सच घ्या, पुढचें पुढें पाहूं.” दुसरा म्हणतो, “शेजारच्यांच्या मुलानें कॉमर्स घेतलें, त्याचें काय वाईट झालें?” तासाभरांत निर्णय होतो, मंडळी पानावर बसतात, आणि त्या तासाभराचें बरेंवाईट फळ तें मूल पुढें अनेक वर्षें भोगतें. म्हणून आज या विषयाचा थोडा स्वस्थपणें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अशा सभेचें एक उदाहरण घेऊं. मुलीला आंकड्यांची आवड आहे, परंतु दहावींत गणिताचे गुण मध्यमच पडले. शाखा वाणिज्याची ठरली. तेथें गणित घ्यावें कीं सेक्रेटेरियल प्रॅक्टिस, एवढाच प्रश्न उरला. वडील मंडळींचें म्हणणें असें कीं, दुसऱ्या विषयांत गुण सहज मिळतात, मग गणिताची धास्ती हवी कशाला? मुलगी हळूच म्हणते, “मला पुढें अर्थशास्त्र शिकायचें आहे.” या मुलीस काय सांगावें? उत्तर देण्यापूर्वीं थोडें मागें जाणें अवश्य आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली आणि त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ सालीं. तींत जे मोजके विद्यार्थी उत्तीर्ण झाले, त्यांत न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर हे होते. ती परीक्षा विद्यापीठच घेत असे. शाळेचा शेवट आणि विद्यापीठाचा आरंभ या दोहोंस मिळून एकच दार होतें. मॅट्रिक झाला तो आंत आला. पुढें शालान्त परीक्षा विद्यापीठाकडून निघून स्वतंत्र मंडळाकडे गेली आणि १९७५ पासून महाराष्ट्रांत दहावीचा नवा क्रम सुरू झाला. तेव्हांपासून शाळेचें दार निराळें व विद्यापीठाचें दार निराळें झालें आहे. तरीहि “पास झाला म्हणजे झालें” ही जुनी समजूत आपल्या घरांतून अजून गेलेली नाहीं, आणि विषयांच्या निवडींत घोटाळा होतो तो बहुतेक येथेंच.

आज तीन गोष्टी परस्परांपासून वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. पहिली उत्तीर्णता : मंडळाची बारावीची परीक्षा पार पडणें. दुसरी पात्रता : अमुक शिक्षणक्रमास अमुक विषय बारावीला घेतलेलेच असले पाहिजेत, ही अट. तिसरी प्रवेशपरीक्षा : त्या विषयांत पुनः वेगळी कसोटी. बारावीला नव्वद टक्के मिळविणारा विद्यार्थीहि पात्रतेचा एक विषय नसल्यास त्या दारापाशीं थांबविला जातो. गुण हे विषयाची उणीव भरून काढीत नाहींत, ही गोष्ट प्रत्येक पालकानें गांठीस बांधून ठेवावी.

आतां कोणतें दार कोणती किल्ली मागतें तें पाहूं. वैद्यकीय शिक्षणासाठीं नीट ही परीक्षा. तिला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान, आणि इंग्रजी हे विषय लागतात, आणि खुल्या वर्गांतील विद्यार्थ्यास शास्त्रविषयांत मिळून निदान ५० टक्के गुण हवेत. गणित येथें लागत नाहीं. आय. आय. टी.मधील अभियांत्रिकीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागतें. जीवशास्त्र लागत नाहीं. तेथें प्रवेशपरीक्षेबरोबर बारावीचे ७५ टक्के, अथवा आपल्या मंडळांतील वरच्या वीस पर्सेंटाइलमधील स्थान, हीहि अट खुल्या वर्गास आहे. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीस भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र हीं दोन्ही हवींत; तिसरा विषय गणित असो वा जीवशास्त्र, चालतो. वास्तुशास्त्रास गणितावांचून गति नाहीं. उलट पांच वर्षांचा कायद्याचा शिक्षणक्रम, चार्टर्ड अकौंटंटची फाउंडेशन परीक्षा, किंवा राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा पदवीक्रम, यांस कोणत्याहि शाखेचा विद्यार्थी चालतो. तेव्हां “वकील व्हायचें आहे म्हणून कला शाखाच घे” किंवा “सी. ए. व्हायचें आहे म्हणून वाणिज्यच घे” हें म्हणणें सवयीचें आहे, नियमाचें नव्हे.

ही यादी नीट न्याहाळली म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. सर्वांत अधिक कुलपांस लागणारी किल्ली गणिताची आहे, आणि सर्वांत आधीं व सर्वांत सहज टाकून दिली जाते तीहि तीच. अर्थशास्त्राचेंच पाहा. आपल्याकडील पुष्कळ महाविद्यालयांत कला शाखेंतून अर्थशास्त्राची पदवी गणितावांचून घेतां येते. परंतु दिल्ली विद्यापीठांत अर्थशास्त्राच्या ऑनर्स पदवीस प्रवेश हवा असेल, तर सी. यू. ई. टी. या परीक्षेंत गणिताचा पेपर द्यावाच लागतो. विषयाचें नांव एक, दारें मात्र दोन. कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेंत बी. स्टॅट.साठीं बारावीला गणित व इंग्रजी असणें अवश्य आहे. शाखा कोणती हें मात्र तेथें विचारीत नाहींत. वाणिज्य शाखेची, परंतु गणित घेतलेली मुलगी त्या परीक्षेस बसूं शकते. गणित सोडलेली बसूं शकत नाहीं.

यावरून वर सांगितलेल्या मुलीचें उत्तर आपोआप मिळतें. सेक्रेटेरियल प्रॅक्टिस न घेतल्यानें तिचें कोणतें दार बंद होतें? बी. कॉम.चें नाहीं, सी. ए.चें नाहीं, कंपनी सेक्रेटरीच्या परीक्षेचेंहि नाहीं. गणित न घेतल्यानें मात्र तिला हव्या असलेल्याच वाटेवरचीं मोठीं दारें लागतात. दोन विषयांची तुलना करतांना “कोणत्यांत गुण अधिक?” हा प्रश्न दुसरा, “कोणता सोडला असतां काय बंद होतें?” हा पहिला. त्या मुलीनें गणित घ्यावें आणि घरानें तिची धास्ती घालविण्याची सोय करावी, असें आमचें मत आहे. मध्यम गुण हें बुद्धीचें मोजमाप नव्हे. पुष्कळ वेळां तें सरावाचें असतें.

तथापि याचा अर्थ असा नव्हे कीं प्रत्येक मुलानें सर्व किल्ल्यांचा जुडगा कमरेस लावून हिंडावें. विज्ञान शाखेंत गणित व जीवशास्त्र हे दोन्ही विषय घेतां येतात, आणि अनेक पालक “असूं द्या, दोन्ही दारें उघडीं राहतील” म्हणून ते घ्यावयास लावतात. ज्याची आवड खरोखरच दुहेरी आहे व ज्यास हा भार झेपतो, त्यानें ते अवश्य घ्यावेत. परंतु ज्याचा कल दहावींतच स्पष्ट दिसत आहे, त्याला चौथ्या विषयाचें ओझें देणें म्हणजे उघड्या दारांतून आंत जाण्याचें त्याचें बळच कमी करणें होय. मोकळीक ठेवण्यालाहि किंमत पडते; ती कोणाच्या पाठीवर बसते, हें पाहूनच मोकळीक ठेवावी.

लागलेलें दार पुनः उघडतच नाहीं, अशी भीतिहि कोणी बाळगूं नये. राष्ट्रीय वैद्यक आयोगानें २०२३ सालीं असें ठरविलें कीं, बारावीनंतर मान्य मंडळाकडून जीवशास्त्रासारखा राहिलेला विषय अतिरिक्त म्हणून उत्तीर्ण केला, तरी तो नीटच्या पात्रतेस चालावा. आय. आय. टी. मद्रासनें २०२० सालीं सुरू केलेल्या डेटा सायन्सच्या दूरस्थ पदवीक्रमास बारावीची शाखा कोणतीहि चालते. दहावीपर्यंत गणित व इंग्रजी झालेलें असलें म्हणजे पुरे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांतहि कला व विज्ञान यांमधील भिंती ठेंगण्या करण्याचा हेतु स्पष्ट मांडिला आहे. परंतु मागाहून दार उघडावयाचें म्हणजे बहुधा एक वर्ष अधिक, शुल्क अधिक, आणि सोबती पुढें गेलेले पाहण्याचें मनाचें दुःख निराळें. तेव्हां उपाय आहे म्हणून निष्काळजीपणा करूं नये.

येथें एका विषयाबद्दल चार शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. संस्कृत आम्हीं आयुष्यभर शिकविलें. अकरावींत तें “गुण देणारें” म्हणून घेणारे पुष्कळ, आणि द्विलक्षी विषय किंवा माहिती-तंत्रज्ञान घेण्यासाठीं तें सोडणारेहि पुष्कळ. बारावीला संस्कृत नसल्यानें कोणाची अभियांत्रिकी वा वैद्यकी अडत नाहीं. हें आम्हांस प्रिय नसलें तरी खरें आहे, आणि खरें तेंच सांगणें हा शिक्षकाचा धर्म. ज्यास त्या भाषेंत गोडी आहे, त्यानें ती गोडीसाठीं घ्यावी. केवळ गुणांसाठीं घेतलेली भाषा बारावीच्या निकालाबरोबरच विस्मृतींत जाते. गुण आणि पात्रता या दोन्ही कसोट्यांच्या बाहेरचा असा एखादा आवडीचा विषय प्रत्येक मुलाजवळ असावा, एवढेंच आमचें मागणें आहे.

शेवटीं व्यवहाराची गोष्ट. अर्ज भरण्यापूर्वीं एक कागद घ्यावा. मुलाला मनांतून हवे असलेले तीन-चार शिक्षणक्रम त्याच्याच हातानें एकाखालीं एक लिहवावेत. प्रत्येकापुढें बारावीस कोणते विषय असलेच पाहिजेत, किती टक्के हवेत आणि कोणती प्रवेशपरीक्षा आहे, तें त्या संस्थेच्या चालू वर्षाच्या माहितीपत्रकावरून लिहावें. ऐकीव माहितीवरून किंवा तीन वर्षांपूर्वीं शिकलेल्या चुलतभावाच्या आठवणीवरून नव्हे, कारण हे नियम वर्षागणिक बदलतात. मग जो विषय पुनःपुनः दिसेल तो सोडूं नये. जो एकदांहि दिसत नाहीं, तो आवडीवर ठेवावा. त्यानंतर ज्या महाविद्यालयांत जावयाचें, तेथें ते विषय एकत्र शिकवितात कीं नाहीं, याची चौकशी करावी. कला शाखेस गणित नियमानें घेतां येतें, पण तें शिकविणारें महाविद्यालय जवळपास सांपडेलच असें नाहीं.

आणि तो कागद पुरा झाल्यावरच घरची सभा भरवावी. आजोबांचा अनुभव, काकांचा व्यवहार आणि आत्यांचें मायेचें बोलणें या सर्वांचा उपयोग आहे. परंतु पहिला शब्द मुलाचा असावा. अभ्यास त्याला करावयाचा आहे, आणि त्या दारांतून आंतहि त्यालाच जावयाचें आहे.